सॉफ्टवेअरचे काम चारचौघांबरोबर : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये कोणती संगणकभाषा शिकावी किंवा कोणते प्रमाणपत्र मिळवावे असे विचारणारी पत्रे फार थोडी होती. बहुतेकांनी इतर माणसांबरोबर काम करण्याविषयी विचारले आहे : टीममधील ज्येष्ठांविषयी, ग्राहकाविषयी, रात्री होणाऱ्या परदेशी बैठकींविषयी. म्हणून त्यांतील निवडक पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत आणि मोठी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी ऐरोली येथील एका कंपनीत तीन वर्षांपासून डेव्हलपर आहे. माझ्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (म्हणजे प्रोग्रॅममधील माझा बदल तपासून मूळ प्रोग्रॅममध्ये घ्यावा, या विनंतीवर) आमचे ज्येष्ठ सहकारी पंधरा-वीस शेरे लिहितात आणि ते सगळ्या टीमला दिसतात. कधी पुल रिक्वेस्ट तीन-तीन दिवस पडून राहते आणि मग नुसते ‘हे बदला’ एवढेच उत्तर येते. माझ्या कामावर त्यांचा विश्वासच नाही असे वाटू लागले आहे. त्यांच्याशी बोलावे की थेट मॅनेजरकडे जावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मॅनेजरकडे जाण्याची वेळ अजून आलेली नाही. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या आधी सुट्या करायला हव्यात. शेरे पुष्कळ येतात आणि ते सर्वांना दिसतात, ही पहिली तक्रार. शेरे उशिरा येतात आणि त्यांत कारण नसते, ही दुसरी. पहिलीत गैर काही नाही. दुसरी मात्र रास्त आहे.

दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचून त्यातील चुका काढण्याची शिस्तबद्ध पद्धत आयबीएम या संगणक कंपनीतील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये मांडली. त्या काळी तीन-चार जण बसून छापील प्रोग्रॅम ओळीने वाचत, सापडलेल्या चुका नोंदवत आणि दुरुस्तीचे काम मूळ लेखकाकडे सोपवत. या नोंदींचा उपयोग प्रोग्रॅमरच्या कामगिरीचे मोजमाप करण्यासाठी होता कामा नये, हे फेगन यांनी स्पष्टपणे बजावले होते. आजच्या कंपन्यांमध्ये ही अट बऱ्याचदा विसरली जाते, आणि मग रिव्ह्यूचा, म्हणजे अशा तपासणीचा, शेरा म्हणजे वार्षिक मूल्यमापनातला काळा डाग, अशी भीती मनात बसते. तुमच्या कंपनीत तसे होत असेल, तर मॅनेजरशी बोलण्याचा खरा मुद्दा तो आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांविरुद्धची तक्रार हा तो मुद्दा नव्हे.

आता ‘हे बदला’ या शेऱ्याकडे पाहू. समजा, तुम्ही बिलाची रक्कम फ्लोट या, अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या, प्रकारात साठवली आहे आणि त्या ओळीवर हा शेरा आला. तुम्ही निमूटपणे बदल कराल, परंतु पुढच्या महिन्यात दुसऱ्या फाइलमध्ये पुन्हा फ्लोटच वापराल, कारण काय बिघडत होते ते तुम्हाला कुणी सांगितलेलेच नाही. तोच शेरा असाही लिहिता आला असता : ‘येथे रक्कम फ्लोटमध्ये आहे. १.००५ ही संख्या द्विमान पद्धतीत अचूक मावत नाही, ती किंचित कमी साठवली जाते. त्यामुळे दोन दशांशस्थळांपर्यंत पूर्णांकन केल्यावर १.०१ ऐवजी १.०० मिळते. कर काढताना अशा रकमा वारंवार येतात आणि महिनाअखेरीस लेखा विभागाला एका पैशाचा फरक शोधत बसावे लागते. रक्कम पैशांमध्ये पूर्णांक म्हणून किंवा डेसिमल प्रकारात ठेवावी.’ हे लिहिण्यास पाच मिनिटे अधिक लागतात, परंतु टीममधील प्रत्येकाला ते वाचता येते आणि दोन वर्षांनी रुजू होणाऱ्या माणसालाही ते तेथेच सापडते. शेरे सर्वांना दिसण्याचा लाभ हाच आहे, आणि म्हणून ते खासगीत मागण्याचा आग्रह मी धरणार नाही. तुम्ही एवढेच करा : प्रत्येक अपुऱ्या शेऱ्याखाली नम्रपणे ‘कारण कळले तर पुढे लक्षात ठेवीन’ असे लिहा. अशी विचारणा झाल्यावर बहुतेक ज्येष्ठ मनापासून समजावून सांगतात.

तीन दिवसांच्या विलंबाचा विचार तुमच्या बाजूनेही करावा लागेल. हजार ओळींचा बदल एकदम समोर आला की वाचणारा तो दुपारवर ढकलतो, दुपारी उद्यावर ढकलतो. बदल लहान तुकड्यांत पाठवा. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘बग दुरुस्त केला’ एवढेच न लिहिता बदल कशासाठी केला, काय तपासून पाहिले, काय मुद्दाम सोडून दिले आणि कोणत्या भागाविषयी तुम्हाला स्वतःला शंका आहे, हे लिहा. शंकेची जागा स्वतःच दाखवणाऱ्या माणसाचे काम तपासणाऱ्याला वाचावेसे वाटते. पंधरा-वीस शेऱ्यांपैकी रिकाम्या जागा, कंसांची मांडणी, नावांची पद्धत यांविषयीचे किती आहेत तेही मोजा. ते काम फॉर्मॅटर आणि लिंटर या, मांडणी व नियम आपोआप तपासणाऱ्या, साधनांवर सोपवता येते आणि मग माणसांनी माणसांचे बोलणे बोलावे. उरलेल्या शेऱ्यांपैकी कोणता बंधनकारक आणि कोणता केवळ सुचवणीचा, हे शेरा लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच नमूद करावे, आणि पहिले उत्तर एका कामकाजाच्या दिवसात यावे, असे दोन संकेत टीमच्या बैठकीत ठरवून घ्या. त्याचबरोबर ज्येष्ठांचा बदल वाचण्याची जबाबदारी तुम्हीही मागून घ्या. रिव्ह्यू एकाच दिशेने होत राहिला, तर त्याला परीक्षेचे रूप येते.

एखाद्या मुद्द्यावर चार उत्तर-प्रत्युत्तरे झाली की लिहिणे थांबवून खुर्ची ओढून शेजारी बसावे, परंतु बोलून जे ठरले ते त्याच पुल रिक्वेस्टखाली दोन ओळींत नोंदवल्याशिवाय उठू नये.

प्रश्न : मी स्वतंत्र सल्लागार आहे. मशीद बंदर येथील सुक्यामेव्याच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी माल, बिले आणि उधारी यांचे सॉफ्टवेअर ठरावीक रकमेत करून देण्याचे मी मान्य केले. आता शेठजी दररोज व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतात आणि प्रत्येक निरोपात एक ‘छोटासा बदल’ असतो. नाही म्हटले तर संबंध बिघडतील आणि हो म्हणत राहिले तर काम संपणार नाही. शिवाय दुसरा हप्ता दोन महिन्यांपासून थकला आहे.
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : बदल मागितला म्हणून शेठजींना दोष देता येणार नाही. प्रत्यक्ष पडद्यावर काम दिसू लागल्याशिवाय आपल्याला नेमके काय हवे आहे हे कोणत्याच ग्राहकाला पूर्णपणे सांगता येत नाही, आणि सल्लागाराने ते धरूनच चालावे. अडचण अशी आहे की बदल छोटा की मोठा हे शेठजी ठरवत आहेत, आणि ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती तुमच्याजवळ आहे, त्यांच्याजवळ नाही.

‘परत आलेल्या मालासाठी एक बटण द्या’ ही मागणी उदाहरणादाखल घेऊ. शेठजींच्या दृष्टीने ते खरोखरच एक बटण आहे. परंतु ग्राहकाने बदामाची दोन पोती परत पाठवली की प्रश्न सुरू होतात. माल विकण्याजोगा आहे की खराब झाला आहे? विकण्याजोगा असेल तर कोणत्या गोदामात जमा करायचा आणि कोणत्या भावाने? मूळ बिलावर जीएसटी आकारला गेला असल्यामुळे केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची नोंद) काढावी लागेल, आणि ती विवरणपत्रात दाखवून कर कमी करून घेण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच आहे (वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले गेले तर तोपर्यंतच). मग दीड वर्षापूर्वीच्या बिलावरील परतावा सॉफ्टवेअरने स्वीकारावा की अडवावा? ग्राहकाने पैसे आधीच दिले असतील तर ते परत करायचे की पुढच्या बिलात वळते करायचे? आणि दलालाची दलाली ज्या बिलावर मोजली, त्या बिलातील अर्धा माल परत आला तर तिचे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तुम्ही तुमच्या मनाने देऊ शकत नाही आणि देऊही नये. ते व्यापाराचे निर्णय आहेत.

म्हणून आवाजी निरोप आला की त्याच दिवशी लेखी उत्तर पाठवा, शेठजी जी भाषा सहज वाचतात त्या भाषेत : ‘आपण सांगितलेला बदल मला असा समजला आहे. तो करण्यासाठी या तीन गोष्टी ठरवाव्या लागतील. त्याला सुमारे चार दिवस लागतील आणि तो मूळ ठरावात नाही.’ या उत्तरात नकार कुठेच नाही. किंमत सांगितली आहे आणि निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे सोपवला आहे. असे सगळे बदल क्रमांक देऊन एका तक्त्यात ठेवा, तो तक्ता शेठजींना कधीही उघडून पाहता येईल असा असू द्या आणि आठवड्यातून एकदा पेढीवर अर्धा तास मागून घ्या. त्या अर्ध्या तासात एकच प्रश्न विचारायचा : यातील कोणता बदल आत्ता घ्यायचा आणि त्यासाठी कोणता मागे टाकायचा? बहुतेक बदल त्या टेबलावरच गळून पडतात, कारण त्यांची किंमत कळल्यावर शेठजींनाच ते तितके निकडीचे वाटत नाहीत. जे उरतात ते खरे, आणि त्यांचे वेगळे पैसे मागताना संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

या बैठकीला पेढीचे हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींना आवर्जून बसवा. सॉफ्टवेअर रोज वापरणार ते मेहताजी, आणि त्यांच्याशी बोलणे झालेलेच नाही, असे मी अनेक कामांत पाहिले आहे. शक्य झाल्यास सणाआधीच्या गर्दीत एक सकाळ त्यांच्या शेजारी नुसते बसून काढा. पडद्याशेजारी ठेवलेल्या वहीत ते काय लिहितात ते पाहा. सॉफ्टवेअर चालू असताना वहीत जी नोंद होते, ती तुमच्या आराखड्यातून सुटलेली गोष्ट असते, आणि शेठजींच्या निरोपांपेक्षा ती वही तुम्हाला अधिक शिकवील.

‘करारापेक्षा ग्राहकाशी सहकार्य महत्त्वाचे’ असे एक वचन आपल्या व्यवसायात वारंवार ऐकू येते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी सॉफ्टवेअर लहान टप्प्यांत आणि बदल स्वीकारत घडवण्याविषयीचा जो ॲजाइल जाहीरनामा तयार केला, त्यातील चार सूत्रांपैकी हे एक आहे. कराराची गरजच नाही असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी तो जाहीरनामा शेवटपर्यंत वाचावा. प्रत्येक सूत्रात जिला दुय्यम स्थान दिले आहे त्या गोष्टीलाही, म्हणजे येथे करारालाही, मोल आहे असे त्यात तेथेच म्हटले आहे. पुढचे काम घेताना ठरावीक रक्कम संपूर्ण कामासाठी न ठरवता एकेका टप्प्यासाठी ठरवा आणि प्रत्येक टप्प्यात बदलांसाठी काही दिवस उघडपणे राखून ठेवा.

राहिला थकलेला हप्ता. पुष्कळदा पैसे अडतात ते टप्पा पूर्ण झाल्याचे कुणी लेखी मान्य केलेले नसते म्हणून. दुसऱ्या टप्प्यात काय द्यायचे होते आणि काय दिले याची एक पानाची नोंद करा, मेहताजींसमोर चालवून दाखवा, शेठजींची सही घ्या आणि त्यासोबत बिल द्या. तुमची ‘उद्यम’ ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी झालेली नसेल तर ती विनामूल्य होते, आणि पुढचे काम सुरू होण्यापूर्वी ती झालेली असणे तुमच्या हिताचे आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, परंतु कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि अशी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज लागू होते आणि वाद याच कायद्याखालील सुलभीकरण परिषदेकडे नेता येतो. ही तरतूद धमकी म्हणून वापरू नका, पण करारात तिचा उल्लेख असू द्या. अशी देणी मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत चुकती केली नाहीत तर तो खर्च त्या वर्षाच्या आयकरात वजा मिळत नाही, हे शेठजींच्या सीएंना चांगले ठाऊक असते, आणि मार्च जवळ आला की तेच शेठजींना आठवण करून देतात.

प्रश्न : आमचा प्रकल्प दोन महिने मागे पडला आहे. मॅनेजरांनी सहा जणांच्या टीममध्ये आणखी चार जण दिले आहेत. काम अधिकच संथ झाले आहे असे मला वाटते. माझा समज चुकीचा आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : समज बरोबर आहे. आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी उशिरा होतो, हे आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे. सहा माणसांत परस्परसंपर्काच्या जोड्या १५ होतात, दहा माणसांत ४५. शिवाय नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो. आलेल्या चौघांना परत पाठवणे तुमच्या हातात नसेल, तर त्यांना मूळ कामात न मिसळता सुटे होणारे काम द्या, जसे की चाचण्या लिहिणे, चाचणीसाठी माहिती तयार करणे किंवा वापरकर्त्यांची पुस्तिका. त्यांच्या शंकांची उत्तरे देण्यासाठी एकच जुना सहकारी नेमा, म्हणजे उरलेल्या पाच जणांचे लक्ष मोडणार नाही. आणि मॅनेजरांसमोर पहिल्या टप्प्यात कोणती वैशिष्ट्ये वगळता येतील याची यादी ठेवा.

प्रश्न : अनेक वर्षे नोकरी करून मी सल्लागार झालो. सध्या लोअर परळच्या एका वित्तसंस्थेत कर्जांची जुनी प्रणाली नव्या रचनेत नेण्याचे काम करीत आहे. तेथील डेव्हलपर माझ्याशी सौजन्याने वागतात, पण सहकार्य करीत नाहीत. माझा चाळीस पानांचा अहवाल कुणी वाचलेला दिसत नाही. बाहेरच्या माणसाने काय करावे?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : त्या चाळीस पानांपैकी किती पानांत जुन्या प्रणालीतील दोष आहेत ते एकदा पाहा. ज्या माणसांनी महिनाअखेरीच्या रात्री जागून ती प्रणाली चालती ठेवली, त्यांना तो अहवाल आरोपपत्रासारखा वाटला असेल, तर त्यांच्या सौजन्यपूर्ण अंतराचे मला नवल वाटणार नाही.

जुन्या प्रणालीत विचित्र दिसणाऱ्या ओळीमागे बहुधा काहीतरी घडलेले असते. समजा, हप्त्याची देय तारीख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शनिवारसंबंधी एक अट आहे : १ सप्टेंबर २०१५ पूर्वीच्या तारखांना एक नियम आणि नंतरच्यांना दुसरा. आजचे काम पाहणाऱ्याला पहिला नियम निरुपयोगी वाटेल आणि तो ती अट सुटसुटीत करण्याच्या भरात काढून टाकील. परंतु त्या तारखेपासून बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी आणि उरलेल्या शनिवारी पूर्ण दिवस काम सुरू झाले. त्याआधीच्या दीर्घ मुदतीच्या गृहकर्जांची विवरणपत्रे आजही काढावी लागतात, आणि अट गेली की त्यांतील काही तारखा सरकतात व विलंबशुल्काचा हिशेब चुकतो. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी तयार केलेली गिट ही प्रोग्रॅममधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली ती ओळ कुणी आणि कधी लिहिली हे क्षणात सांगते. का लिहिली हे मात्र लिहिणाऱ्याने कॉमिटच्या, म्हणजे बदल नोंदवतानाच्या, संदेशात नोंदवले असेल तरच कळते. नोंद नसेल तर ते त्या टीममधल्या एखाद्या माणसाच्या स्मरणात असते, आणि तो माणूस तुमच्याशी मोकळेपणाने बोलेल तेव्हाच ते तुमच्यापर्यंत येईल. तुमच्या कामाचे यश यावर अवलंबून आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेला एक विचार येथे कामी येईल : कोणतीही संस्था जी प्रणाली उभारते, तिच्या रचनेत त्या संस्थेतील माणसांच्या आपसांतील संपर्काची रचना उतरते. दोन विभाग एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांच्या प्रणालीही थेट जोडलेल्या नसतात : एक रात्री एखादी फाइल ठेवून देते आणि दुसरी ती नंतर उचलते. ती फाइल काढून टाकण्याआधी त्या दोन विभागप्रमुखांना एका टेबलावर आणावे लागते. नवी रचना कागदावर कितीही नेटकी असली तरी ती बैठक टाळून ती टिकत नाही.

तेव्हा अहवाल बाजूला ठेवा. एका महिनाअखेरीला त्यांच्याबरोबर थांबा आणि त्यांच्या अडचणी नोंदवा. त्यांना रोज छळणारी एखादी लहान गोष्ट, उदाहरणार्थ अर्धा तास घेणारी एखादी तपासणी, आधी सोडवून द्या. त्यानंतर प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी एकच पान लिहा : परिस्थिती काय होती, कोणते पर्याय पाहिले, काय ठरले, त्याचे परिणाम काय. हे पान तुम्ही एकट्याने लिहू नका. त्या निर्णयाला ज्याचा विरोध होता त्याच्याबरोबर बसून लिहा आणि त्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत त्यात राहू द्या. ही पाने प्रोग्रॅमच्या शेजारी, त्याच रिपॉझिटरीत (प्रोग्रॅमच्या सामायिक साठ्यात) ठेवा. तुम्ही तेथून निघून गेल्यावर लोक तीच उघडतील.

प्रश्न : आमची अर्धी टीम न्यूयॉर्कमध्ये आहे. रोज रात्री साडेनऊला कॉल असतो. मी वांद्रे-कुर्ला संकुलात काम करते आणि विरारला राहते. कॉलसाठी थांबले तर घरी पोहोचायला मध्यरात्र होते आणि घरून घेतला तर पोरांच्या झोपेची वेळ जाते. हे सांगितले तर ‘टीम प्लेअर’ नाही असे म्हणतील का?
— एक वाचिका, विरार

उत्तर : न सांगणे अधिक घातक आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत तिकडच्या उन्हाळी वेळेत संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. तुमच्या रात्री साडेनऊला तिकडे दुपार होत आलेली असते, म्हणजे ही वेळ केवळ त्यांच्या सोयीची आहे. कॉल त्यांच्या दिवसाच्या आरंभी घेण्याचा प्रस्ताव मांडा, आणि रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा. उरलेल्या दिवशी तुम्ही निघताना लेखी हस्तांतर द्यायचे : आज काय झाले, काय अडले, तुमच्याकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे आणि ते न मिळाल्यास उद्या मी काय गृहीत धरून पुढे जाईन. हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा, कारण त्यामुळे एका प्रश्नापायी पुरा दिवस वाया जात नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा जगभरातील हजारो लोकांनी घडवला आहे तो मुख्यतः ईमेलवर बदल पाठवून आणि त्यांवर लेखी चर्चा करून. मोठे सहकार्य बैठकीवाचूनही होते, याचा याहून भक्कम पुरावा देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ठाऊक असायला हवी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्यांना त्यांच्या संमतीनेच काम देता येते, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करावी लागते. ही सवलत मागणे नव्हे.

प्रश्न : सल्लागार म्हणून लिहून दिलेल्या प्रोग्रॅमची मालकी कोणाची? ग्राहक म्हणतो, ‘पैसे दिले म्हणजे सगळे आमचे.’ करारात याविषयी एक शब्दही नाही.
— एक वाचक, दादर

उत्तर : भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतीत होतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, वेगळे काही ठरले नसेल तर, नियोक्ता असतो. स्वतंत्र सल्लागाराच्या बाबतीत मात्र सर्वसाधारणपणे लेखक, म्हणजे तुम्ही, पहिले मालक असता, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच देता येतो. त्या लेखी दस्तात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो.

कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणून हटून बसावे असे मात्र मला वाटत नाही. ग्राहकाची भीती वेगळी असते : उद्या तुम्ही फोन उचलला नाही तर आपला धंदा बंद पडेल का, ही. ती भीती दूर होईल अशी विभागणी लिहून काढा. त्याच्या धंद्यासाठी खास लिहिलेला भाग पूर्ण पैसे मिळताच त्याच्या मालकीचा, तुम्ही आधीपासून वापरत असलेले सामायिक भाग तुमच्या मालकीचे पण त्याला कायम वापरण्याची परवानगी, आणि मुक्त स्रोत घटक त्यांच्या त्यांच्या परवान्यांप्रमाणे, त्यांच्या नावांच्या यादीसह. मसुदा वकिलाकडून तपासून घ्या. रिपॉझिटरी, डोमेन आणि क्लाउडचे खाते मात्र आजच ग्राहकाच्या नावावर करून घ्या आणि त्यांत स्वतःला सहकारी म्हणून जोडा. बिलाची वसुली व्हावी म्हणून पासवर्ड अडवून ठेवणाऱ्या सल्लागाराला मशीद बंदरपासून नरिमन पॉइंटपर्यंत दुसरे काम मिळणे अवघड जाते.